प्रार्थनेनंतर बीपी चेक!

रविवार म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? उशिरापर्यंत झोप, पोहे आणि मॅच? अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी रविवार म्हणजे ठेवणीतले कपडे, चर्च आणि गॉस्पेलची गाणी. काही चर्चमध्ये तर प्रार्थनेनंतर बीपीही तपासतात!

आता चर्चचा आणि बीपीचा काय संबंध, असं वाटेल. त्यासाठी थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना मध्येच उठवलं गेलं. ते सगळे बाहेर पडले. त्यांच्यातल्याच रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च सुरू केलं. पुढे अशा चर्चमधूनच शाळा, मदतनिधी आणि नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली.

दवाखान्याचा अनुभव मात्र कडू. १९३२ ते १९७२ या काळात अलाबामातल्या टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी डॉक्टर फक्त ‘लक्ष ठेवून’ होते. पेनिसिलिन आलं, तरी त्यांना दिलं नाही. मग डॉक्टरवर भरवसा कसा बसणार?

त्यात रोजचा भेदभाव. दुकानात संशयाने बघणं, नोकरीत डावलणं. हा ताण शरीरात मुरतो. झोप उडते, सिगारेट वाढते, बीपी चढतं.

इथे चर्च कामी येतं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराच्या परिसरात कृष्णवर्णीयांच्या हृदयविकारावर मोठा अभ्यास सुरू आहे. त्यातल्या सुमारे ३ हजार जणांची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नेमाने चर्चला जाणाऱ्यांचा व्यायाम, आहार, धूम्रपान आणि बीपी यांचं चित्र तुलनेने चांगलं दिसलं. न्यूयॉर्कमध्ये ३२ चर्चमधल्या ३७३ जणांवर एक प्रयोग झाला. त्यात चर्चमधल्याच प्रशिक्षित लोकांनी एका गटाचे आहार-व्यायामाचे वर्ग घेतले. सहा महिन्यांनी या गटाचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा जवळपास ६ अंकांनी जास्त उतरलं.

म्हणजे चर्चला गेलं की बीपी गायब? तसं नाही हं. मुळात तब्येत बरी असलेलेच नेमाने जात असतील, हीही शक्यता आहे. पण एक गोष्ट पटते. ‘मीठ कमी खा’ हे वाक्य तेच असतं, पण ते आपल्या माणसाच्या तोंडून आलं की ऐकलं जातं.

अर्थात, चर्च ताण हलका करेल. भेदभाव करणाऱ्या साहेबाला बदलणार नाही. ते काम कायद्याचं आणि समाजाचं. नाहीतर रविवारी उतरलेलं बीपी सोमवारी पुन्हा चढणारच!