पेशीतील प्रथिनांची भेट आणि हळदीचा प्रकाश

अमुक वनस्पतीचा अर्क पेशीतील दोन प्रथिनांचा संयोग घडवून आणतो, असे विधान आणि सोबत पिवळ्या तेजाने उजळलेल्या पेशींची छायाचित्रे असलेले माहितीपत्रक हाती आले, तर वैद्याने व औषधनिर्मात्याने त्याचे परीक्षण कसे करावे? त्यासाठी या छायाचित्रांमागील ‘फ्रेट’ हे तंत्र समजून घेणे आवश्यक आहे.

पेशीतील बहुतेक कार्ये प्रथिनांच्या परस्पर संयोगाने चालतात. उदाहरणार्थ, बॅक्स हे प्रथिन पेशीच्या नियोजित मृत्यूस चालना देते, तर बीसीएल-२ त्यास आवर घालते. असे संयोग पेशी फोडून तपासता येतात. परंतु त्यात पेशीची जिवंत स्थिती नष्ट होते. सामान्य प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, तर प्रथिनांचा आकार काही नॅनोमीटर एवढाच असतो. त्यामुळे एकाच ठिपक्यात दिसणारी दोन प्रथिने संयुक्त आहेत की केवळ शेजारी, हे प्रत्यक्षाने ठरत नाही. तेथे अनुमानाचा आश्रय घ्यावा लागतो.

थिओडोर फर्स्टर यांनी १९४८ मध्ये, एका प्रतिदीप्त रेणूने शोषलेली ऊर्जा निकटच्या दुसऱ्या रेणूकडे कशी जाते, याचा सिद्धांत मांडला. पुढे ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधून वेगळे केलेले हिरवे प्रतिदीप्त प्रथिन या कामी आले. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये त्याचे जनुक इतर सजीवांत कार्यान्वित करून दाखविले आणि रॉजर त्सिएन यांनी त्याच्या विविध रंगछटा निर्माण केल्या. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगात एका प्रथिनास निळसर व दुसऱ्यास पिवळे प्रतिदीप्त प्रथिन जनुकीय पद्धतीने जोडतात आणि पेशीवर सुमारे ४३० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकतात. दोन्ही प्रथिने दूर असतील तर निळसर प्रकाश मिळतो. ती अत्यंत निकट आली की ऊर्जा पिवळ्याकडे जाते. निळसर प्रकाश घटतो व पिवळा वाढतो. या जोडीत सुमारे ५ नॅनोमीटर अंतरावर निम्मी ऊर्जा हस्तांतरित होते, तर १० नॅनोमीटरवर जेमतेम दीड टक्का. म्हणूनच पिवळा प्रकाश हा सान्निध्याचा हेतू मानला जातो.

परंतु हा हेतू सव्यभिचार ठरू शकतो. हळदीतील कर्क्युमिन स्वतःच ४२० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून हिरवट-पिवळा प्रकाश देते. साहजिकच निळसर प्रकाश घटून पिवळा वाढल्याचे दृश्य, प्रथिनांची भेट झालेली नसतानाही, दिसू शकते. धुके पाहून अग्नीचे अनुमान करावे, तसाच हा प्रकार होय. दारुहरिद्रेतील बर्बेरिनही प्रतिदीप्त असून डीएनएशी बद्ध झाल्यावर अधिक उजळते. कर्क्युमिनची प्रतिदीप्ती व अस्थिरता चाचण्यांची दिशाभूल करू शकते, याकडे ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधील २०१७ च्या समीक्षेने लक्ष वेधले आहे.

म्हणून माहितीपत्रक देणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. एक, प्रतिदीप्त प्रथिने न जोडलेल्या पेशींवर तेच द्रव्य वापरून छायाचित्रे घेतली होती काय? दोन, पिवळे प्रथिन तीव्र प्रकाशाने निष्प्रभ केल्यावर निळसर प्रकाश वाढला काय? खरे हस्तांतर असेल तर तो वाढलाच पाहिजे. तीन, द्रव्याच्या स्वतःच्या प्रकाशाशी गल्लत होणार नाही अशा लाल छटेच्या जोडीने प्रयोग पुन्हा केला काय?

याची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरी सिद्ध होते ते पेशीपुरतेच. तोंडाने घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प प्रमाणात पोहोचते. काचपात्रातील मात्रा म्हणजे रुग्णाची मात्रा नव्हे. आपल्या औषधीवरील विश्वास दृढ व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनीच ही परीक्षा सर्वप्रथम व अधिक कठोरपणे करावी.