उरलेल्या बळाचा हिशेब

हिंगोलीस रामलीला मैदानाच्या बाजूने सायंकाळी फिरावयास गेलो असता मुलांचे खेळ पाहत घटकाभर उभे राहण्याचा आमचा जुना परिपाठ आहे. गेल्या हिवाळ्यात असेच उभे असता, फुटबॉल खेळणाऱ्या मुलांपासून अंमळ दूर, सर्वांचे सदरे व चपला राखीत बसलेला एक मुलगा दृष्टीस पडला. तो आमचाच पुतण्या होता. जन्मापासून त्याचा डावा पाय अधू आहे. घरात त्याचे उणे कोणी कधी काढले नाही. उलट, "पडशील, लागेल," या मायेच्या शब्दांनीच आम्ही सर्वांनी त्याला आधी ओटीवर, मग अंगणात आणि शेवटी त्या कपड्यांपाशी बसविले होते. परतताना त्याने विचारले, "काका, अधू माणूस कधी मोठा खेळाडू झाला आहे का?" प्रश्न साधा, पण उत्तर शोधणे आम्हांस प्राप्त झाले.

फुटबॉलपुरते पाहावे, तर उरुग्वे देशाच्या हेक्तोर कास्त्रो याचे नाव प्रथम पुढे येते. तेराव्या वर्षी विजेच्या करवतीत सापडून त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला. तरीही तो मोंतेविदेओ शहरातील नासिओनाल या नामांकित क्लबाकडून खेळला, १९२८ साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता, आणि १९३० च्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनावर शेवटचा, चौथा गोल त्यानेच केला. लोक त्याला 'दिव्य थोटा' म्हणत. हा वृत्तांत आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितला. चिरंजीवांनी शांतपणे ऐकून घेतला व म्हटले, "पण काका, त्याचे पाय धड होते ना?"

या सवालापुढे आम्ही निरुत्तर झालो. परंतु ज्याचे उत्तर सातासमुद्रापलीकडे मिळाले नाही, ते आपल्याच सांगली जिल्ह्यात मिळाले.

श्री. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४ सालचा. लहानपणी कुस्तीचा नाद, पुढे सैन्यात भरती आणि तेथे मुष्टियुद्धात नाव, असा त्यांच्या आयुष्याचा पहिला भाग आहे. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यांतील एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्याची सारी कमाई शरीराची, त्याचे शरीरच अर्धे गेले. येथे कहाणी संपली असे कोणीही म्हणाला असता.

रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पोहावयास सांगण्यात आले. यात मोठे मर्म आहे. जमिनीवर लुळ्या पायांचा भार माणसालाच वाहावा लागतो. पाण्यात तो भार बराचसा पाणीच उचलते, आणि पुढे सरकण्याचे काम खांदे व दंड करतात. पेटकरांचे खांदे मल्लाचे व मुष्टियोद्ध्याचे होते. गेले ते पाय. उरले ते खांदे. उरलेल्या बळाचा हिशेब मांडून त्यांनी त्याला जोगे असे क्षेत्र धरले.

अशा जखमी सैनिकांना खेळाच्या द्वारे उभे करण्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये डॉ. लुडविग गुट्टमान यांनी स्टोक मँडेव्हिल येथे केला होता. १९४८ साली, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. त्या रोपट्याचा पुढे पॅरालिंपिक नावाचा वृक्ष झाला. १९६८ साली तेल अवीव येथे पेटकर टेबल टेनिस खेळले. आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमध्ये एकट्या भारतीय खेळाडूने सुवर्णपदक मिळविले ते २००८ साली, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी.

आता या गौरवाची दुसरी बाजू. एवढा पराक्रम करून आलेला मनुष्य पुण्यास टेल्को कारखान्यात नोकरी करीत राहिला आणि शेजारपाजार सोडता त्याची फारशी कोणी वास्तपुस्त घेतली नाही. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, पदकानंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट निघाला आणि घरोघर नाव पोचले. अर्जुन पुरस्कार त्यानंतर, २०२५ च्या जानेवारीत, जीवनगौरव म्हणून हाती पडला. तेव्हा पेटकरांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती.

या दिरंगाईचा दोष सरकारला देणे सोपे आहे. पण पेटकरांची कहाणी वाचताना आमच्या डोळ्यांपुढे येत होता तो मैदानावरचा कपड्यांचा ढीग. अधू मनुष्य काय करू शकत नाही याची यादी आपल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. तो काय करू शकतो हे विचारण्याचे मात्र कोणास सुचत नाही. हायडेलबर्गच्या तलावात जे घडले ते कोणाच्या दयेने घडले नाही. रुग्णालयातील कोणी एकाने "यांचे खांदे शाबूत आहेत," एवढे पाहिले, आणि पेटकरांनी पुढचे सारे स्वतः केले. एकत्र कुटुंबात माया करणारी माणसे पुष्कळ असतात. हे पाहणारे एक जरी असले तरी पुरे.

त्या रात्री जेवणानंतर ही सारी हकीकत पुतण्याला सांगितली. त्याची आजी जपमाळ बाजूला ठेवून ऐकत होती. पुतण्या म्हणाला, "मला धावता येत नाही, पण झेल माझा सुटत नाही. मी गोल राखीन." आजी नेहमीप्रमाणे "लागेल रे," म्हणाली खरी, परंतु दुसऱ्या दिवशी त्याच्या गुडघ्यांना बांधावयास जुन्या लुगड्याच्या जाड घड्या तिनेच शिवून दिल्या.

पहिल्या दिवशी त्याच्यावर सहा गोल झाले. दोन त्याने अडविले. घरी आला तो त्या दोहोंविषयीच बोलत होता. मैदानावरच्या सदऱ्यांवर आता एक दगड ठेवलेला असतो.