ट्रंकेतली डांबरगोळी



कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील कुरुंदवाडकरांना २०१९ च्या महापुराची आठवण करून द्यायला नको. पूर ओसरला की कपडे धुवायचे, वाळवायचे आणि ट्रंकेत घड्यांमध्ये चार डांबरगोळ्या टाकायच्या, ही आपली रीत. या गोळीने कसर पळते. पण ओल आणि बुरशी जात नाही. म्हणून कपडे आधी कडकडीत वाळवा.

ही गोळी बहुधा नॅफ्थॅलीनची असते. दगडी कोळशाच्या डांबरातून नॅफ्थॅलीन निघते, म्हणून ती डांबरगोळी. १८२१ साली जॉन किड यांनी त्याला हे नाव दिले. त्याच्या एका रेणूत दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन. एका मधल्या भिंतीची दोन घरे असावीत, तशी सहा-सहा कार्बनांची दोन कडी त्यात जोडलेली असतात. नॅफ्थॅलीन ८० अंश सेल्सिअसला वितळते. पण त्याआधीच, न वितळता, त्याची हळूहळू वाफ होत राहते. यालाच संप्लवन म्हणतात. गोळी झिजते ती यामुळेच.

आता या रेणूतला एखादा हायड्रोजन काढून तिथे दुसरे काही बसवा, की गुण पालटतात. नॅफ्थॉल झाले, तर त्यापासून सुताला चढणारा लाल रंग बनतो. नॅफ्थॅलीन ॲसेटिक आम्ल झाले, तर मिरची-कापसाची फूलगळ रोखायला ते अगदी थोड्या प्रमाणात फवारतात.

मात्र शरीरात गेल्यावरही नॅफ्थॅलीन असेच पालटते, आणि त्यातून झालेले पदार्थ रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा तान्ह्या बाळाला नुसत्या वासाच्या कपड्यांनीही कावीळ होऊ शकते. थोरल्याची टोपडी-दुपटी धाकट्यासाठी जपायची असतील, तर त्यांत ही गोळी घालूच नका. लहान मुलाने गोळी गिळली, तर घरगुती उपाय करीत बसू नका; उरलेल्या गोळ्या सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

शिक्षकांनी एक प्रयोग करावा. साध्या पाण्यात कापूर तरंगतो, डांबरगोळी बुडते. मीठ विरघळेनासे होईपर्यंत पाण्यात घाला. त्यात नॅफ्थॅलीन तरंगते. तिथेही बुडाली, तर ती गोळी बहुधा पॅराडायक्लोरोबेंझीन या दुसऱ्या पदार्थाची समजावी. प्रयोग खिडक्या उघडून, स्वतःच्या हाताने करावा, आणि नंतर हात साबणाने धुवावेत.