माजघर तेच, पडवी नवी

कोकणात घर वाढायचे ते पडवीने. मुलाचे लग्न ठरले की मूळ घराला धक्का न लावता छपराचा उतार खाली ओढायचा, चार वासे जादा टाकायचे आणि त्याखाली नवा संसार मांडायचा. जुन्या सार्वजनिक इमारतींची दुरुस्ती आणि विस्तार या विषयावर बोला असे मला सांगितले गेले, तेव्हा आधी ही पडवीच डोळ्यांपुढे आली. मी कवी माणूस, इंजिनिअर नव्हे. जे थोडेफार कळते ते गवंड्यांच्या शेजारी बसून कळले आहे.

रत्नागिरीकरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. थिबा पॅलेस घ्या. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला, १९१० मध्ये या वाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. तीन मजली वाडा, जांभ्याचे बांधकाम, ब्रह्मी सागवान, उतरती छपरे आणि समुद्राकडे तोंड केलेल्या अर्धगोल खिडक्या. ही सगळी रचना आपल्या पावसाचा हिशेब करून केलेली आहे.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने तासता येतो. वारा लागला की तो घट्ट होत जातो. पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. त्याला जोडीदार हवा तो चुन्याचा. चुनखडी किंवा शिंपले भाजून निघालेली कळी पाण्यात विरवायची, वाळू-सुरखी घालून घाणीत मळायची, कुठे गुळाचे, कुठे हिरड्याचे पाणी घालायचे. भिंतीला लागल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगड होतो. तो चिऱ्याइतकाच सैल श्वास घेतो.

या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की दोन पावसाळे ती नव्या नवरीसारखी दिसते. मग आत कोंडलेली ओल वाट शोधू लागते. खार फुटतो, पोपडे सुटतात, भिंतीत रोवलेली तुळयांची टोके कुजतात आणि वाळवीचे फावते. शिवाय जगभरात माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या कारखानदारीतून येतो. जुन्या इमारतीचे भट्टीचे जळण आणि मजुरांचा घाम केव्हाच खर्च झालेला असतो. ती पाडली की तो खर्च पाण्यात जातो आणि नवा अंगावर येतो.

हे मला उशिरा कळले. खाडीकाठच्या आमच्या गावची मशीद जांभ्याची होती, कौलारू, आत सागवानी खांब. जमात वाढली, जुम्म्याला माणसे बाहेर उन्हात उभी राहू लागली. बैठकीत पाडून स्लॅबची बांधायचे ठरले. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. खांब एका व्यापाऱ्याने ठोक भावात नेले. पुढे काही वर्षांत स्लॅब गळू लागला, म्हणून आम्ही त्यावर पत्र्याची शेड मारली. म्हणजे उतरते छप्पर परत आलेच, फक्त तापणारे. दुपारच्या नमाजाला पंखे गरम हवा फिरवतात. बाजूला एक लांब पडवी काढली असती तर भागले असते, हे त्या बैठकीत कुणाला सुचले नाही, मलाही नाही.

परदेशात एका गावाला ते सुचले, पण चोवीस वर्षांनी. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराची जुनी कचेरी १६७२ची. विस्तारासाठी १९१३ मध्ये स्पर्धा झाली, गुन्नार आस्प्लुंड हा वास्तुशिल्पी निवडला गेला आणि काम पुरे झाले १९३७ मध्ये. मधल्या काळात त्याने आराखडा अनेकदा बदलला. शेवटी नवा भाग उंचीने आणि खिडक्यांच्या तालाने जुन्याशी जुळवला, पण जुन्याचे सोंग घेतले नाही. नव्या खिडक्या त्याने आपापल्या चौकटीत किंचित जुन्या इमारतीकडे सरकवल्या, धाकट्याने थोरल्याकडे झुकून बोलावे तशा. तेव्हा लोकांनी नावे ठेवली. आज वास्तुकलेचे विद्यार्थी ती मुद्दाम पाहायला जातात.

आपल्याकडे वापर चालू राहिला म्हणून वाचलेल्या इमारती आहेत. मुंबईचा १८३३चा टाऊन हॉल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथांमुळे जागता राहिला. कोल्हापूरचा टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय झाला. कोकणात तर रिकामी इमारत पाच-सहा पावसाळ्यांत बसते. एक कौल सरकते आणि ते सरकवायला वर कुणी चढत नाही.

म्हणून नव्या गरजा नाकारून चालणार नाही. स्वच्छतागृहे हवीत, लिफ्ट हवी, चाकाच्या खुर्चीसाठी उतरंड हवी, विजेच्या तारा हव्यात. हे सगळे जुन्या भिंती फोडून आत कोंबू नये. ते पडवीत न्यावे, मूळ इमारतीपासून हातभर सुटे ठेवावे आणि एका अरुंद वाटेने जोडावे. उद्या कुणाला पडवी नको वाटली तर ती काढता यावी, माजघराला ओरखडाही न येता.

आणि हे सारे मंजूर होईपर्यंत वर्षे जातील. तोवर दर मे महिन्यात कौले परतायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा आणि भिंतीच्या मुळाशी पाणी साचू द्यायचे नाही. एवढ्यासाठी निविदा निघायची वाट पाहावी लागत नाही, एक शिडी आणि दोन माणसे पुरतात.