तक्रार करणाऱ्या नोकराला दाद कोठे?

सरकारी नोकराने आपल्याच खात्यातील अपहाराविषयी लेखी तक्रार करावी, आणि त्या तक्रारीची चौकशी सुरू होण्याआधी खुद्द त्या नोकराचीच चौकशी सुरू व्हावी, हा अनुभव आपल्या राज्यकारभारात इतका रुळला आहे की, कचेरीतील सहकारीही अपहार करणाराला दोष न देता तक्रार करणारालाच सबुरीचा सल्ला देतात. नंदुरबार जिल्ह्यात या अनुभवाला आणखी एक दुःखद पैलू आहे. सेवावर्गात अक्कलकुवा, धडगाव, मोलगी ही नावे शिक्षेच्या नेमणुकीची ठिकाणे म्हणून घेतली जातात. म्हणजे दुसरीकडे ज्याच्यावर रोष झाला त्याला येथे पाठवावयाचे, आणि येथे ज्याने तोंड उघडले त्याला येथून हलवावयाचे, अशा दुहेरी व्यवहारात ज्या आदिवासी जनतेसाठी ही सारी पदे निर्माण झाली तिचा विचार कोणीच करीत नाही.

नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यापूर्वी नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात, आणि त्याही आधी, १९०६ साली खानदेशाची वाटणी होऊन जो पश्चिम खानदेश बनला, त्यात मोडत असे. याच मुलखाने रोजगार हमी योजनेचा उदय आणि तिच्यातील भ्रष्टाचार ही दोन्ही जवळून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे बळ लाभलेल्या या योजनेत मजुराची मजुरी दोन कागदांवर अवलंबून असे: एक हजेरीपट, ज्यावर मजुराचे नाव आणि अंगठा, दुसरी मोजमाप पुस्तिका, जीत किती घनमीटर माती खोदली याची नोंद. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या माणसाचे नाव पाझर तलावाच्या हजेरीपटावर चढवावयाचे, त्यापुढे कोणाचा तरी अंगठा उठवावयाचा, आणि न खोदलेली माती पुस्तिकेत खोदून दाखवावयाची, एवढ्यानेच सरकारी तिजोरीतील पैसा मजुराच्या हाती न पडता मधल्यामध्ये नाहीसा होऊ शकतो.

१९८० च्या दशकाच्या आरंभी धुळ्याचे जिल्हाधिकारी असलेल्या अरुण भाटिया यांनी रोजगार हमीच्या कामांतील असाच गैरव्यवहार उघडकीस आणला, आणि नेमणुकीची रीतसर मुदत पुरी होण्यापूर्वीच त्यांच्या हाती बदलीचा हुकूम पडला. पुढे पुणे महापालिकेच्या आयुक्तपदावरूनही त्यांना अल्पावधीत जावे लागले, आणि त्यांची सारी कारकीर्द वारंवारच्या बदल्यांसाठीच महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली. जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या नशिबी जर हे येते, तर तालुक्याच्या कचेरीतील कारकुनाने, आश्रमशाळेतील शिक्षकाने किंवा दुर्गम उपकेंद्रातील परिचारिकेने कोणत्या बळावर लेखणी उचलावी, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे.

सूड घेण्याची रीत समजून घेतली पाहिजे, कारण सूड कधीही सूड म्हणून लिहिला जात नाही. प्रत्येक पायरीला नियमाचा आधार असतो. समजा, एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्ष हजर मजूर आणि हजेरीपटावरील नावे यांत तफावत असल्याचा शेरा लिहिला. त्याने वर अर्ज करावयाचा तो 'योग्य मार्गाने', म्हणजे बहुधा ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच वरिष्ठाच्या टेबलावरून. प्रथम त्याला ज्ञापन मिळते आणि जुन्या, क्षुल्लक विलंबाचा खुलासा मागवला जातो. मग कारणे दाखवा नोटीस येते. वर्षअखेरीस गोपनीय अहवालातील प्रतवारी एका पायरीने खाली उतरते, जिचा परिणाम पदोन्नतीच्या वेळी दिसून येतो. एवढ्यानेही तो नमला नाही, तर 'प्रशासकीय कारणास्तव' बदली होते, किंवा निलंबन होऊन त्याचे मुख्यालय घरापासून दूरच्या तालुक्यात ठरवले जाते, आणि अर्ध्या वेतनाइतक्या निर्वाहभत्त्यावर दोन ठिकाणचा संसार चालवण्याची वेळ त्याच्यावर येते. यांतील एकही कागद अलग काढून पाहिला तर तो निर्दोष दिसतो. तारखांच्या क्रमाने सारे कागद एकत्र लावले म्हणजेच त्यांतील हेतू उघड होतो.

कायदा याबाबतीत सर्वस्वी मुका आहे असे नव्हे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने राज्यात बदल्यांच्या विनियमनाचा २००५ चा अधिनियम झाला आणि तो १ जुलै २००६ पासून अंमलात आला. पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असावा, बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यातच व्हाव्यात, आणि मुदतीपूर्वी बदली करावयाची झाल्यास विशेष कारणे लेखी नमूद करून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी, असे हा अधिनियम सांगतो. सोमेश तिवारी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या डिसेंबरात असा निर्णय दिला की, निनावी तक्रारीच्या आधारे, शिक्षेच्या ऐवजी म्हणून केलेली बदली बेकायदेशीर होय. २००८ सालच्याच देव दत्त निकालाने गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवणे बंधनकारक केले. २०१३ साली टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात तोंडी हुकमांवर कारभार चालवण्याच्या प्रथेला न्यायालयाने आळा घातला. आणि २०१५ च्या अजयकुमार चौधरी निकालाने तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही असे ठरवले.

मात्र या निर्णयांचा आधार घेण्यासाठी न्यायाच्या दाराशी पोहोचणे सोपे नाही. राज्य सरकारी नोकराने जावयाचे ते १९९१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, आणि नंदुरबारकरांसाठी त्याचे पीठ आहे पूर्वीच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर. धडगावच्या माणसाला त्याआधी सातपुड्याचे घाट उतरावयाचे असतात ते निराळेच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वा ग्रामसेवकाला तर हे न्यायाधिकरणही नाही. त्याने विभागीय आयुक्तांकडे अपील करावे किंवा उच्च न्यायालय गाठावे. आणि अंगणवाडी सेविका, जी कुपोषित बालकाचे वजन प्रथम नोंदवते आणि शिधा कमी आला तर ते सर्वांत आधी जिला दिसते, तिचे पद हे नागरी सेवेतील पद नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या अमीरबी निकालात म्हटल्यामुळे न्यायाधिकरणाचे दार तिला बंदच आहे. जिच्या सत्यकथनाची या जिल्ह्याला सर्वाधिक गरज, तिलाच सर्वांत कमी संरक्षण, ही व्यवस्थेतील केवळ उणीव नसून अन्याय आहे.

तक्रारदाराचे नाव गुप्त राहणे म्हणजे त्याचा जीव सुरक्षित राहणे, हे देशाने फार मोठी किंमत देऊन जाणले. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांविषयी नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचे पत्र खात्यांतून फिरत राहिले, आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर केंद्राने २००४ मध्ये ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. पण तो ठराव केंद्राच्या नोकरांपुरता. संसदेने २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदाही संमत केला. तो अद्याप अंमलात आणला गेलेला नाही. आपल्याच राज्यात, मेळघाटातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी वरिष्ठाच्या छळाचे गाऱ्हाणे पत्रात मांडून स्वतःचे जीवन संपवले. दुर्गम भागातील अधिकाऱ्याला वरिष्ठच सर्वस्व असतो, आणि तोच उलटला म्हणजे माणूस किती एकाकी होतो, हे त्या घटनेने सर्वांना दाखवून दिले.

हे एकाकीपण मोडणे हाच खरा उपाय होय. तक्रारदाराने स्वतःपुरती काही पथ्ये अवश्य पाळावीत: प्रत्येक अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्यावी, तोंडी हुकूम मिळाल्यास त्याच दिवशी तो लेखी कळवून दुजोरा मागावा, बदलीच्या प्रस्तावाची टिप्पणी माहितीच्या अधिकारात मिळवावी, आणि न्यायाधिकरणाची एक वर्षाची मुदत निवेदनांच्या प्रतीक्षेत दवडू नये. परंतु नंदुरबारसारख्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात याहून मोठे साधन हाताशी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामपंचायतीने खर्च केलेल्या निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेणे आवश्यक केले आहे, आणि राष्ट्रीय रोजगार हमीच्या कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेच्या स्वाधीन केले आहे. जो शेरा एकट्या अभियंत्याने लिहिल्यास त्याची बदली ओढवतो, तोच मजकूर ग्रामसभेत हजेरीपट मोठ्याने वाचून, परगावी गेलेल्यांची नावे गावकऱ्यांच्या तोंडून निश्चित करून, ठरावाच्या रूपाने नोंदवला गेला, तर सूड उगवावा असा एकटा माणूस उरत नाही. साऱ्या गावाची बदली करण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला नाही.

सरकारनेही आपला वाटा उचलावा. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणीसारखा प्रोत्साहनपर लाभ देण्याचे धोरण २००२ पासून आहे. पण एका हाताने बक्षीस म्हणून आणि दुसऱ्या हाताने शिक्षा म्हणून तीच नेमणूक देणारे शासन दोन्ही हेतू विफल करते. मुदतपूर्व बदलीची लेखी कारणे हुकमासोबतच संबंधिताच्या हाती द्यावीत. तक्रार प्रलंबित असताना तक्रारदाराविरुद्धची कारवाई तक्रारीतील वरिष्ठाच्या सहीने होऊ नये. न्यायाधिकरणाने वर्षातून काही दिवस धुळ्यास वा नंदुरबारास बसावे. आणि मानधनावरील सेविकांनाही दाद मागण्याचे एक निश्चित ठिकाण असावे. यांतील एकही मागणी खर्चिक नाही. प्रामाणिक नोकराचे संरक्षण ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ज्या मजुराची मजुरी आणि ज्या बालकाचा शिधा त्याच्या एका शेऱ्यावर अवलंबून आहे, त्यांचा तो हक्क आहे, आणि नंदुरबारने तो हक्क म्हणूनच मागितला पाहिजे.