जहाजांच्या मोरीचं पाणी कुणाच्या दर्यात?

मे सरत आला की किनाऱ्यावर डांबराचे गोळे लागतात, हे आपल्याला नवं नाही. रांपण ओढताना पायाला चिकटतात, जाळ्याला चिकटतात, मग रॉकेलने पुसत बसा. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हे गोळे तपासलेत. काही बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले, काही टँकर धुतलेल्या पाण्याशी. म्हणजे सगळाच दोष जहाजांचा नाही, पण आहे तोही थोडका नाही.

तेल निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणाऱ्या पाण्याचं काय?

मोठ्या जहाजावर घाण पाणी तीन तऱ्हेचं. इंजिनाखाली साचणारं तेलकट, संडासाचं आणि मोरीचं, म्हणजे आंघोळीचं, कपड्या-भांड्यांचं. मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार भारतालाही लागू आहे. त्याप्रमाणे तेलकट पाणी चालत्या जहाजातूनच सोडायचं, तेही गाळून. दहा लाख भागांत तेलाचे 15 भागांहून जास्त नकोत. संडासाचं पाणी प्रक्रिया न करता सोडायचं तर 12 सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण 22 किलोमीटरच्या पलीकडे, आणि जहाज किमान 4 नॉट वेगाने चालत असायला हवं. मोरीच्या पाण्यावर मात्र या करारात बंधनच नाही! पावसाळा सरला की मुरगावला क्रूझ जहाजं लागतात. एकेकावर हजारो माणसं. एका गावाची मोरीच ती.

साबणाच्या पाण्याने काय होतंय, असं कुणी म्हणेल. अलास्कातही तसंच वाटायचं. तिथलं पोट सामन मासळीवर आणि क्रूझच्या पर्यटकांवरही, त्यामुळे बोलणं सोपं नव्हतं. 1999 मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने घाण पाणी समुद्रात सोडल्याचा गुन्हा कबूल केला, 1 कोटी 80 लाख डॉलर दंड भरला. मग जहाजांच्या पाण्याचे नमुने घेतले, तर मोरीच्या पाण्यातही मैल्याचे जंतू निघाले. 2001 मध्ये अलास्का राज्याने कायदा करून दोन्ही पाण्यांची तपासणी सक्तीची केली. क्रूझ जहाजं यायची थांबली नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे पहिली भीती तीच घातली जाते.

बांगडा निदान पळून जाईल. झुआरीच्या तोंडावरच्या तिसऱ्या, शिनाणे कुठे जातील? ती बिचारी पाणी गाळूनच जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात, तिथून आपल्या ताटात. ती काढून विकणाऱ्या बहुतेक आपल्या बायका.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. 12 मैलांच्या आत मोरीचं पाणीही प्रक्रियेशिवाय सोडू नये, ते बंदरात उतरवून घ्यायची सोय असावी, आणि नमुने कुणीतरी खरोखर तपासावेत. जहाजवाहतूक महासंचालनालय आणि राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांकडेही हे लेखी मागायला हवं.

जाता जाता एक आपलंही. ट्रॉलरचं जळकं ऑईल जेटीवरून पाण्यात ओतणारे आपल्यातही आहेत. ते डबा भरून परत आणा, नाहीतर निवेदन कुठल्या तोंडाने द्यायचं?

तांडेलांनो, पाण्यावर तवंग किंवा मैला दिसला तर जीपीएसचा आकडा, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा, फोटो काढा. जहाजाचं नाव वाचता आलं तर तेही. पण त्यासाठी जहाजाच्या फार जवळ जाऊ नका.