विश्लेषण : समोर एकटा आघाडीपटू आला, की गोलरक्षकाने नेमके काय करावे?

गास, नाळे, निर्मळ, भुईगाव या वसईच्या पश्चिम पट्ट्यात फुटबॉल आवडीने खेळला जातो. सामना मोठ्या मैदानावर असो की टर्फवर, एक क्षण हमखास येतो. बचावफळी मागे पडते, आघाडीपटू चेंडू घेऊन एकटाच पुढे निघतो आणि त्याच्यासमोर उरतो फक्त गोलरक्षक. गोल झाला, की ‘पुढे कशाला आलास?’ आणि ‘पुढे का नाही आलास?’ हे दोन्ही प्रश्न त्यालाच ऐकावे लागतात. प्रत्यक्षात या झुंजीचा निकाल फटका बसण्याआधीच बराचसा ठरलेला असतो. तो कसा ठरतो आणि गोल वाचवताना जीव कसा सांभाळायचा, याविषयी...

पुढे येण्यामागचे गणित काय?

नियमानुसार गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते. समजा, चेंडू गोलपासून ११ मीटरवर, म्हणजे पेनल्टीच्या जागी आहे. चेंडूपासून दोन्ही खांबांपर्यंत रेषा ओढल्या, तर एक त्रिकोण तयार होतो. गोलरक्षक रेषेवरच थांबला, तर त्याला पूर्ण ७.३२ मीटर सांभाळावे लागतात. तो चेंडूपासून ६ मीटरवर आला, तर त्या त्रिकोणाची रुंदी तेथे ४ मीटर भरते. ३ मीटरवर आला, तर फक्त २ मीटर. हातपाय पसरलेला माणूस एवढी जागा जवळपास व्यापतो. टर्फवरचा गोल लहान असला, तरी तत्त्व हेच.

मग सरळ धावतच सुटावे का?

नाही, कारण दुसरे गणित वेळेचे आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला २० मीटर जातो. ११ मीटरवरून तो साधारण ०.५५ सेकंदात पोहोचतो, ६ मीटरवरून ०.३ सेकंदात आणि ३ मीटरवरून ०.१५ सेकंदात. डोळ्यांनी पाहून शरीर हलू लागायलाच सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे ३ मीटरवर चेंडू ‘पाहून’ अडवणे शक्यच नसते. तेथे अंग मध्ये घालायचे असते.

सर्वांत वाईट असते ते अधलेमधले अंतर. तेथे झेप घ्यायला वेळ पुरत नाही आणि अंगाने जागाही झाकली जात नाही. म्हणून गोलरक्षकाने एक तर मागे राहून झेपेसाठी वेळ मिळवावा, नाही तर थेट जवळ जाऊन जागा बंद करावी. मध्येच घुटमळणे महागात पडते.

पुढे कधी यायचे, कधी थांबायचे?

नजर चेंडूवर हवी. आघाडीपटूने चेंडू पुढे ढकलला आणि तो पायापासून सुटला, की तेवढ्या वेळात त्याला फटका मारता येत नाही. हीच धावण्याची संधी. चेंडू पुन्हा त्याच्या पायाशी आला किंवा त्याने फटक्यासाठी पाय मागे नेला, की जिथे असाल तिथे थांबायचे. दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढे, हात खाली आणि बाजूला. धावत्या शरीराला दिशा बदलता येत नाही. अशा गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू उचलणे किंवा त्याला हुलकावणी देणे सोपे जाते.

दुसरी सूचना म्हणजे आधी पडू नका. गोलरक्षक खाली बसला, की आघाडीपटूचा प्रश्नच सुटतो. उभे राहिल्यास निर्णय त्याला घ्यावा लागतो. तेवढ्यात मागून एखादा बचावपटूही पोहोचतो. शक्य असेल, तर त्याला गोलच्या मध्यापासून बाजूला रेटावे. कोन जितका तिरपा, तितका गोल लहान.

जवळ पोहोचल्यावर कोणते तंत्र?

मुख्य पर्याय तीन. पहिला ‘के-ब्लॉक’. एक गुडघा आत वळवून जमिनीलगत न्यायचा, दुसरा पाय बाजूला पसरायचा, छाती ताठ आणि हात दोन्ही बाजूंना. यात दोन पायांमधून चेंडू निसटण्याची वाट बंद होते. दुसरा ‘स्प्रेड’. हातपाय चारही दिशांना फाकवून अंग मोठे करायचे. हँडबॉलच्या गोलरक्षकांची ही पद्धत डेन्मार्कच्या पीटर श्मायकेलने फुटबॉलमध्ये गाजवली. तिसरा पर्याय म्हणजे पायाशी आडवी झेप. चेंडू आघाडीपटूपासून सुटलेला असेल आणि आपण आधी पोहोचणार याची खात्री असेल, तेव्हाच हा पर्याय वापरावा. पावसाळ्यात ओल्या गवतावर चेंडू सरपटतो. तेव्हा तो पकडण्याचा हट्ट न धरता बाजूला ढकललेला बरा.

मोठ्या सामन्यातील उदाहरण कोणते?

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे विश्वचषकाचा अंतिम सामना ३-३ असा बरोबरीत होता. अतिरिक्त वेळेच्याही शेवटच्या क्षणांत फ्रान्सचा रँडल कोलो मुआनी एकटाच पुढे सुटला. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ पुढे आला, त्याने अंग पसरले आणि चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागून परतला. पुढे अर्जेंटिनाने पेनल्टी शूटआऊट ४-२ असे जिंकले. त्या क्षणी त्याचे हात कामी आले नाहीत, कामी आला तो योग्य जागी पसरलेला पाय.

यात धोका किती?

मोठा. १९५६च्या एफए चषक अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा बर्ट ट्राउटमन आघाडीपटूच्या पायाशी झेपावला आणि त्याच्या मानेचे हाड मोडले. ऑक्टोबर २००६ मध्ये चेल्सीच्या पीटर चेकच्या कवटीला फ्रॅक्चर झाले. त्यानंतर तो कायम शिरस्त्राण घालून खेळला.

धोका आघाडीपटूलाही असतो. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळूरु येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनिअर मोहन बागानविरुद्ध संघाचा दुसरा गोल करताना गोलरक्षकावर आदळला. तो मैदानावरच कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. सामना डेम्पोने २-० असा जिंकला.

नियम काय सांगतो?

चेंडू गोलरक्षकाच्या हातांच्या ताब्यात असेल, तर आघाडीपटूला तो हिसकावता येत नाही. चेंडू जमिनीवर असून त्यावर गोलरक्षकाचा एक हात असला, तरी तो ताब्यातच मानला जातो. दुसरीकडे, गोलरक्षकाने आपल्या पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी प्रयत्न करताना फाऊल करून गोलची स्पष्ट संधी हिरावली, तर २०१६ पासून पेनल्टी आणि पिवळे कार्ड अशी शिक्षा आहे. चेंडूसाठी प्रयत्नच नसेल, नुसते पाडले किंवा ओढले असेल, तर लाल कार्ड.

गावातील मैदानावर काय पाळावे?

झेप घेताना हात पुढे आणि डोके हातांच्या मागे ठेवावे, अंग कुशीवर टाकावे. डोके पुढे घालून झेपावू नये. गुडघा किंवा मूठ उगारून पुढे जाऊ नये. सराव आधी चालत, मग धावत करावा. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. स्पर्धा भरवणाऱ्यांनी सीपीआर येणारी व्यक्ती आणि रुग्णालयात नेण्यासाठी वाहन मैदानाशी तयार ठेवावे. एक गोल गेला, तर सामना पुन्हा मध्यरेषेवरून सुरू होतो.